जिल्हा परिषदेची शाळा पाहायला जाण्यापूर्वी : पालकांसाठी तयारीची यादी

मुलाला यंदा किंवा पुढल्या वर्षी पहिलीत घालायचे आहे, गावातल्या अथवा शेजारच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा विचार चालू आहे, आणि शेजारपाजारच्या बोलण्यावर न विसंबता ती शाळा स्वतः पाहून निर्णय घ्यायचा आहे, अशा पालकांसाठी ही यादी केली आहे. इमारत, रंगरंगोटी आणि प्रवेशद्वारावरच्या पाट्या यांना तिच्यात मुद्दामच खालची जागा दिली आहे. तिसरीतले सर्वांत मागे राहिलेले मूल काय वाचू शकते हे समजले की शाळेबद्दलचे निम्मे समजते, आणि शिक्षक वर्षातले किती दिवस प्रत्यक्ष वर्गात असतात हे समजले की उरलेल्यातले बरेचसे.

सुरुवात दिवस निवडण्यापासून करावी. राज्यातल्या बहुतेक भागांत शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. पण प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप आणि नव्या मुलांची रडारड यांत पहिला पंधरवडा निघून जातो. १५ ऑगस्टच्या आधीचा आठवडा कवायतीत आणि स्नेहसंमेलनाच्या आधीचे दिवस नाचाच्या सरावात जातात, तेव्हा त्या काळातही शाळेचे रोजचे रूप दिसत नाही. म्हणून जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर, किंवा जानेवारी-फेब्रुवारी, यांतला एखादा मधला वार धरावा. शनिवारी शाळा सकाळची आणि अर्धवेळ असते. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हजेरी पडलेली असते आणि तेवढ्यावरून शाळेला नावे ठेवणे अन्यायाचे ठरते. बीडसारख्या ज्या जिल्ह्यांतून कुटुंबे ऊसतोडीला जातात तिथे दिवाळीनंतरच्या हजेरीची चौकशी निराळी करावी आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालते का, हेही विचारून घ्यावे.

जाण्याआधी घरी बसून करण्याचे काम थोडेच, पण उपयोगाचे आहे. प्रत्येक शाळेला यू-डायस या देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहितीसंचातला अकरा अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि तो बहुधा शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर पटसंख्या, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहे यांची माहिती पाहता येते. ती शाळेनेच भरलेली असते, म्हणून ती कागदावर उतरवून सोबत न्यावी आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. दुसरा कागद कायद्याचा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक हवेत. या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. याचा व्यवहारातला अर्थ असा की पस्तीस मुलांच्या चौथीपर्यंतच्या शाळेत दोनच शिक्षक असणे नियमाला धरून आहे आणि तिथे एका शिक्षकाकडे दोन वर्ग असणारच. बहुवर्ग अध्यापन हा स्वतःहून दोष समजू नये, कारण ते चांगले करणारे शिक्षक पुष्कळ आहेत. पाहायचे ते इतकेच की एका वर्गाला शिकवणे चालू असताना दुसऱ्या वर्गातल्या मुलांच्या हाती काही अर्थपूर्ण काम आहे की ती फळ्यावरचे उतरवून काढत बसली आहेत.

मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी भेटून किंवा फोन करून येण्याचे कारण सांगावे आणि वर्गात बसण्याची परवानगी मागावी. आपण तपासणीला आलेले अधिकारी नाही, हे बोलण्या-वागण्यातून दिसले पाहिजे. मुलांची छायाचित्रे काढू नयेत, वर्ग चालू असताना प्रश्न विचारू नयेत. परवानगी देताना मुख्याध्यापकांनी थोडे आढेवेढे घेतले तर लगेच संशय घेण्याचे कारण नाही, कारण त्यांना असले पाहुणे क्वचितच भेटतात. मात्र दोन-तीनदा विनंती करूनही वर्ग पाहू दिला नाही, तर ती गोष्ट आपल्या टिपणात नोंदवून ठेवावी.

परिपाठ सुरू होण्याच्या आधीच पोहोचावे. कोण किती वाजता येते, कुलूप कोण उघडते, शिक्षक येईपर्यंत मुले काय करतात, हे त्या दहा-पंधरा मिनिटांत आपोआप दिसते. कार्यालयाजवळच्या फलकावर इयत्तावार पट आणि त्या दिवसाची उपस्थिती लिहिलेली असते. वर्गात बसल्यावर डोकी मोजून ती फलकाशी जुळते का पाहावे. हा संशयखोरपणा वाटेल, पण २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर झालेल्या पटपडताळणीत कागदावरची पुष्कळ मुले वर्गांत सापडली नव्हती, हे विसरून चालत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांची हजेरी मिळाली तर अधिकच चांगले, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांतला आकडा जास्त बोलका असतो.

आता वाचनाकडे वळू, आणि इथे घाई करू नये. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीत मुलाची वाचनपातळी तपासण्याची जी पद्धत आहे, ती कोणाही पालकाला वापरता येईल इतकी सोपी आहे: आधी सुटी अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. ही पाहणी ग्रामीण भागातल्या निवडक घरी जाऊन केली जाते आणि तिचे निष्कर्ष एकेका शाळेचे नसतात, तेव्हा आपल्या गावच्या शाळेचा ‘असर’चा निकाल शोधत बसू नये, पद्धत तेवढी घ्यावी. तिसरीच्या वर्गात मुलाला पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला सांगितला की पुष्कळ मुले तो वाचत नाहीत, म्हणतात. बोट एका ओळीवर फिरत असते आणि तोंडून पुढची ओळ येत असते. पान उलटायच्या आधीच पलीकडच्या पानावरचे पहिले वाक्य ऐकू येते. म्हणून धड्याच्या मधलीच एखादी ओळ दाखवावी, किंवा घरून चार-पाच ओळींचा अनोळखी मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावा, ज्यात दोन-तीन जोडाक्षरे असतील. मूल ‘पुस्तक’, ‘रस्ता’ असे ओळखीचे शब्द सहज म्हणते आणि ‘पुष्कळ’पाशी अडखळून अक्षरे लावू लागते, तेव्हा ते खरोखर वाचते आहे असे समजावे, अडखळणे वाईट नव्हे. वाचून झाल्यावर मजकुरातलाच एक प्रश्न विचारावा. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ मध्ये तिसरीअखेर समजून वाचणे आणि मूलभूत गणित येणे हेच उद्दिष्ट ठेवले आहे, तेव्हा आपण काही जगावेगळे मागत नाही.

वाचायला कोणते मूल बोलवायचे, हा प्रश्न पाहायला गेलेल्या पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. पाहुणे आले की शिक्षक पहिल्या ओळीतल्या चुणचुणीत मुलीला उभी करतात, आणि ती मुलगी कोणत्याही शाळेत वाचायला शिकलीच असती. शाळेचे काम मधल्या आणि मागच्या मुलांत दिसते. शिक्षकांशी मोकळेपणाने बोलून, ‘ज्यांना अजून जड जाते अशी दोन मुले कोणती?’ असे विचारावे आणि सगळ्यांसमोर नको म्हणून शिक्षकांच्या संमतीने ओसरीवर मुलाशेजारी बसून त्याच्याकडून वाचून घ्यावे. चांगला शिक्षक हा प्रश्न ऐकताच नावे सांगतो, शिवाय अडचण कोणती आहे हेही सांगतो: एकाला मात्रा कळतात पण वेलांट्या नाही, दुसरी दिवाळीनंतर चार महिने आईवडिलांबरोबर बाहेर होती, तिसऱ्याच्या घरी कोरकू बोलतात आणि मराठी त्याला शाळेतच भेटली. ज्यांना ही उत्तरे तोंडपाठ असतात त्यांच्या हाती आपले मूल सोपवायला हरकत नसावी, मग शाळेचे पत्रे गळके का असेनात.

गणितासाठी वह्या मागाव्यात, आणि त्या एकाच मुलाच्या नव्हेत. दुसरी-तिसरीच्या वहीत हातच्याची वजाबाकी शोधावी. ५२ वजा २७ या उदाहरणाखाली ३५ असे उत्तर लिहिलेले आढळेल. मुलाने वरच्या अंकातून खालचा वजा करण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान वजा केलेला असतो. ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी करते आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न असा की तिच्या शेजारी काय आहे. लाल शाईची बरोबरची खूण असेल तर वही तपासली गेली पण वाचली गेली नाही. नुसती फुली असेल तर मूल पुढच्या पानावरही तीच चूक करताना दिसेल. फुलीखाली दशकाचा गठ्ठा सोडून काड्या काढलेल्या असतील आणि त्याच प्रकारचे उदाहरण पुन्हा सोडवून घेतले असेल, तर त्या वर्गात शिकवणे चालू आहे असे मानावे. भाषेच्या वह्यांत सगळ्यांचा ‘माझी आई’ शब्दशः सारखाच असेल, तर तो निबंध फळ्यावरून उतरलेला आहे हे सांगायला नको.

शिक्षकांविषयी विचारायचे प्रश्न आधीच लिहून न्यावेत: मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रत्येक शिक्षक इथे किती वर्षांपासून आहे, आणि येत्या बदल्यांत कोणाचा क्रमांक लागण्याची शक्यता आहे. ज्या शिक्षिकेमुळे शाळेचे नाव झाले त्यांचीच पुढच्या मे महिन्यात बदली होणार असेल, तर आपण कशाच्या भरवशावर प्रवेश घेतो आहोत याचा विचार करावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावता येतात असे म्हटले असले, तरी मतदारयाद्या, प्रशिक्षणे आणि तातडीने मागवलेली ऑनलाइन माहिती यांत किती दिवस जातात हे शिक्षकांकडूनच ऐकावे. दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे येतात. अशा दिवशी काय होते, हा प्रश्न तक्रारीच्या सुरात न विचारल्यास प्रामाणिक उत्तर मिळते.

स्वच्छतागृहाबाबत तीनच गोष्टी पाहाव्यात: आत पाणी आहे का, मुलींच्या बाजूच्या दाराला आतून कडी लागते का, आणि बाहेरच्या कुलपाची किल्ली मुलींना मागावी लागते का. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबावे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. वरणाकडे पाहून डाळीचा अंदाज स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही येतो. मुले कोणाशेजारी बसून जेवतात, कोणाला वेगळे बसवले जाते का, हे मात्र तराजूने मोजता येत नाही, तिथे लक्षपूर्वक पाहावे लागते.

पुस्तकांचे कपाट उघडे आहे की कुलूपबंद, आणि देवघेवीच्या वहीतली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, एवढे पाहिले की ग्रंथालयाचे काम झाले.

पाट्यांबद्दल मन आधीच पक्के करून जावे. आयएसओ मानांकन, ‘शाळा सिद्धी’ या सरकारी शाळा-मूल्यमापनातली श्रेणी, डिजिटल वर्ग, सेमी इंग्रजी, शिष्यवृत्तीधारकांची रंगवलेली नावे, हे सर्व शाळेने किंवा गावाने घेतलेल्या कष्टांचे चिन्ह असू शकते, पण त्यातून तिसरीतल्या मागच्या मुलाबद्दल काही कळत नाही. शाळा सिद्धीचा पाया मुळातच स्वयंमूल्यमापनाचा आहे. शिष्यवृत्तीच्या यादीबाबत वर्गातली किती मुले परीक्षेला बसवली आणि उरलेल्यांसाठी जादा तास होते का, हे विचारावे. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हद्दीतल्या, शाळांचे ज्ञानरचनावादी काम, म्हणजे मुलांनी स्वतः करून, हाताळून शिकण्याची पद्धत, पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि त्यानंतर गावोगावच्या शाळांच्या फरशीवर रंगीत चौकोन आणि अंक उमटले. तो रंग मुले त्यावर बसून बसून झिजला आहे का, हे पाहिले तरी पुरे. सेमी इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या पालकांनी गणिताच्या तासाला बसून मूल इंग्रजी संज्ञेचा अर्थ आपल्या शब्दांत सांगू शकते का, याची खात्री करून घ्यावी.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त पाहायला मागावे आणि त्यातल्या एखाद्या महिला सदस्याला गाठून बैठकीत काय झाले ते विचारावे. त्यांना बैठक झाल्याचेच ठाऊक नसेल, तर सह्या घरपोच झाल्या असाव्यात. पैशाच्या बाबतीत अपेक्षा वाजवी ठेवाव्यात. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३० मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार आणि ३१ ते १०० मुलांच्या शाळेला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान आहे. एवढ्यात दुरुस्ती, खडू, झाडू आणि इतर किरकोळ खर्च भागवायचा असतो. गळके छत हा बहुतेक वेळा मुख्याध्यापकांचा गुन्हा नसतो.

शाळेबाहेरची चौकशी शक्यतो दोनच ठिकाणी करावी. पहिले ठिकाण म्हणजे या शाळेतली मुले पुढे ज्या शाळेत जातात तिथले पाचवी-सहावीचे शिक्षक. कोणत्या गावची मुले वाचत येतात आणि कोणत्या गावच्या मुलांना पुन्हा अक्षरांपासून सुरुवात करावी लागते, हे त्यांना नेमके माहीत असते. दुसरे ठिकाण म्हणजे ज्यांनी मूल या शाळेतून काढून दुसरीकडे घातले ते पालक. त्यांचे कारण शिकवण्याचे होते, गाडीच्या सोयीचे होते की भाऊबंदांनी घातले म्हणून घातले असे होते, हे वेगवेगळे करून ऐकावे.

घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी टिपणे पूर्ण करावीत आणि दोन शाळा पाहिल्या असतील तर त्यांची पाने वेगळी ठेवावीत. पहिल्या भेटीत अनुत्तरित राहिलेले प्रश्न घेऊन काही आठवड्यांनी पुन्हा जावे, या वेळी वेगळ्या वाराला आणि दुपारच्या सत्रात, कारण जेवणानंतरचा तास कसा जातो हे सकाळी गेलेल्याला दिसत नाही. पदे रिक्त असल्याचे आढळले तर ती केव्हा भरली जातील हे केंद्रप्रमुखांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारावे. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला हाती नसला तरी वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही; आधार कार्ड, लसीकरणाचे कार्ड आणि अंगणवाडीतली नोंद यांतले जे असेल ते सोबत न्यावे आणि दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करून ठेवावा.