रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना साथ देताना या चुका टाळा

प्रॅक्टिकल संपायला वीस मिनिटं राहिली की लॅबमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, रीडिंग किती यायला पाहिजे?" विचारतो एकजण, कान टवकारतात दहा जणांचे. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात मी हा प्रश्न वीस वर्षं ऐकतोय. सुरुवातीची काही वर्षं मी उत्तर देऊनही टाकायचो, "दहाच्या आसपास." बॅच मोठी असायची आणि पुढची बॅच दाराबाहेर उभी असायची. आज वाटतं, पोरांचं याच्याइतकं नुकसान मी दुसऱ्या कशाने केलं नसेल. त्या एका उत्तरातून पोरगं शिकतं की चुकलेलं रीडिंग झाकायचं असतं. मग न कळलेला धडा झाकला जातो, राहिलेला पेपर घरच्यांपासून झाकला जातो, आणि नोकरी सुटली तरी कुणाला सांगितलं जात नाही.

शिकवणारे, सीनियर विद्यार्थी आणि ज्यांच्या घरचं पोरगं-पोरगी बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे ते आईवडील, या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

उत्तर सांगून मोकळं होणं

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन चालू होतं. फ्लास्कमध्ये पिपेटने मोजून घेतलेलं अ‍ॅसिड, वरून ब्युरेटच्या खुणांच्या नळीतून थेंबाथेंबाने परमँगनेट; गुलाबी रंग टिकेपर्यंत जितकं मिलिलिटर लागेल ते रीडिंग. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. "सर, माझं दहा पूर्णांक नऊ यायलंय, ह्याचं नऊ पूर्णांक नऊ. कुणाचं लिहू?" म्हटलं, तुझं तू लिही, आणि आता माझ्यासमोर परत कर. तिने कोनिकल फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरने धुतला, त्यात थोडं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घालून खळबळलं आणि ओतून दिलं. मी हात धरला. "ब्युरेटला असंच करतो ना सर?" बरोबर, ब्युरेट आणि पिपेट ज्याच्या त्याच्या द्रावणाने खळबळायचे. फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. नीट न निथळलेल्या फ्लास्कच्या कडांना जे मिलिलिटरभर अ‍ॅसिड राहिलं, तेच तिच्या रीडिंगमध्ये वर आलं होतं. तिसऱ्या वेळी तिचं ९.९ आलं. जर्नलमध्ये तिने दोन्ही आकडे ठेवले आणि १०.९ च्या शेजारी कारण लिहिलं.

याच टायट्रेशनमध्ये चुका ठरलेल्या आहेत, त्यामुळे त्या ओळखताही येतात. रीडिंग जास्त आलं तर ब्युरेट परमँगनेटऐवजी नुसत्या पाण्याने धुऊन भरलं का, नोझलमध्ये हवेचा बुडबुडा होता का, हे बघावं. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलं तरी जास्तच येणार, कारण परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं. कमी आलं तर तापमान बघा. फ्लास्क ६०-७० अंशांना हवा. थंड असेल तर पहिले थेंब विरायला वेळ लागतो, गुलाबी रंग रेंगाळतो आणि घाईत असलेलं पोरगं तिथेच थांबतं. उकळू दिलं तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच थोडं विघटित होतं. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर सल्फ्युरिक अ‍ॅसिड कमी पडलंय आणि मँगनीज डायऑक्साइड तयार होतोय. आणि परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा मेनिस्कस (द्रवाच्या पृष्ठाचा वक्र) दिसतच नाही. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा वरची कड वाचायची.

हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहून लॅबच्या भिंतीवर लावा. "रीडिंग किती यायला पाहिजे" विचारणाऱ्याला त्या कागदाकडे पाठवा. आणि इंटर्नलमध्ये थोडे गुण बरोबर आकड्याऐवजी बरोबर शोधलेल्या कारणाला द्या. गुण मिळाल्याशिवाय पोरांची ही सवय बदलत नाही, हे मी पाहिलंय.

पाण्याकडे दुर्लक्ष

पुण्या-मुंबईत छापलेल्या प्रॅक्टिकल बुकात आपलं पाणी नसतं. इथे बहुतेक कॉलेजं बोअरवर चालतात आणि ते पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असतं. कॅनमध्ये 'डिस्टिल्ड' म्हणून भरलेलं पाणी खरंच डिस्टिल्ड आहे का, हे कुणी बघत नाही. सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन बिघडलं की दोष पोरांना लागतो. टेस्ट ट्यूबमध्ये ते पाणी घ्या, दोन थेंब नायट्रिक अ‍ॅसिड आणि दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाका. दुधाळ झालं तर त्यात क्लोराइड आहे. सत्र सुरू होताना विद्यार्थ्यांकडूनच हे करून घ्यावं.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळीला, नळ जोडून दोन तास पाणी मोरीत सोडायला मनच होत नाही. मग रिफ्लक्सचे (मिश्रण उकळत ठेवून वाफ थंड करून परत आत सोडायचे) प्रयोग 'पुढच्या वेळी' म्हणून सुटतात आणि पोरं ऑरगॅनिक प्रिपरेशन न करताच पदवी घेतात. उपाय आपल्या घराघरात आहे. कूलरचा छोटा पंप बादलीत सोडायचा, त्याची नळी कंडेन्सरच्या खालच्या तोटीला जोडायची आणि वरच्या तोटीतून पाणी परत बादलीत घ्यायचं. बादलीत बर्फ टाकला तर आणखी चांगलं. त्याच बादलीभर पाण्यावर अख्खी बॅच निघते. पाणी वरच्या तोटीतून सोडू नका, जॅकेट पूर्ण भरत नाही. आणि पंपाची वायर ओल्या टेबलावर लोंबू देऊ नका.

जड पाण्याचा एक फायदाही करून घेता येतो. प्रत्येकाला आपल्या गावच्या बोअरचं पाणी बाटलीतून आणायला सांगा आणि इडीटीए या रसायनाने टायट्रेशन करून पाण्याचा कठीणपणा (जडपणा) काढायला लावा. पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक, वाइनसारख्या लाल रंगावरून निळा. भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. स्वतःच्या घरच्या पाण्याचा आकडा काढताना पोरं किती जपून थेंब सोडतात ते बघाच एकदा.

बी.एस्सी.ला वेटिंग रूम समजणं

लातूर पॅटर्नच्या छायेत वाढलेली आपली पोरं. मेडिकलची 'नीट' परीक्षा एकदा दिली, रिपीट केली, लागला नाही नंबर, मग बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या वर्गात निम्मी पोरं हरलेल्या चेहऱ्याने बसलेली असतात. घरीही भाषा तीच: "सध्या बी.एस्सी.ला टाकलंय." हे 'सध्या' फार घातक आहे. आईवडिलांनी तो शब्द बोलण्यातून काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्याला घरचेच तात्पुरतं समजतात, त्या अभ्यासावर पोरगं जीव का लावेल?

याच पोरांनी बारावीला गणित सोडलेलं असतं. फिजिकल केमिस्ट्रीत लॉग दिसला की वही बंद. अशा वेळी डेरिव्हेशन पाठ करून घेणं ही आपली चूक. त्याआधी आकड्यांशी ओळख करून द्यावी. पहिल्या कोटीची अभिक्रिया, अर्धायुकाल (उरलेल्याचं निम्मं संपायला लागणारा वेळ) १० मिनिटं, ७५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? सूत्र नको. १०० चे ५० व्हायला १० मिनिटं, ५० चे २५ व्हायला आणखी १०. म्हणजे २० मिनिटं. इथवर सगळ्यांना येतं. मग विचारायचं, "आणि ६० टक्के व्हायला?" आता अर्ध्या-अर्ध्याने उत्तर निघत नाही आणि लॉग कशासाठी आहे ते त्यांचं त्यांनाच जाणवतं. सत्राच्या सुरुवातीला असे आठ-दहा तास दिले तर वर्षभर ते पुरतात.

इंग्रजी पाठ झालं म्हणजे समजलं असं धरणं

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोरगं उत्तरपत्रिकेत कॅनिझारो रिअ‍ॅक्शनची व्याख्या शब्दन् शब्द लिहितं. त्याला विचारा, फॉर्मल्डिहाइडला होते ती असिटाल्डिहाइडला का होत नाही? गप्प. मग मराठीत सांगा: कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन असला की बेस आधी तो काढतो आणि गाडी अल्डोल या दुसऱ्याच अभिक्रियेच्या रुळावर जाते. फॉर्मल्डिहाइडला शेजारी कार्बनच नाही. म्हणून तिथे एक रेणू ऑक्सिडाइझ होतो आणि दुसरा रिड्यूस. विद्यार्थ्याला हे आधी मराठीत, फळ्यावर बाण काढत बोलू द्या. इंग्रजीत लिहिणं ही पुढची पायरी. उलट्या क्रमाने चढवलं की बाणाची शेपूट कुठून निघते, म्हणजे इलेक्ट्रॉन कुणाचे, हेच हरवतं.

जर्नलचं सुलेखन

आपल्याकडे रीडिंग चिठ्ठीवर घ्यायची, घरी जाऊन जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि खाडाखोड झालीच तर व्हाइटनर, अशी पद्धत आहे. जर्नल देखणं होतं आणि आपण सही करतो. तेच पोरगं संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागतं तेव्हा पहिल्याच आठवड्यात अडचणीत येतं. माझ्या एका विद्यार्थ्याने बॅलन्सवरचं वजन सवयीने कागदाच्या कपट्यावर टिपलं आणि रजिस्टरमध्ये लिहिताना राउंड फिगर केली. सुपरवायझरने बॅलन्सचा प्रिंट समोर ठेवला. नोकरी वाचली, पण त्या रात्री त्याचा मला फोन आला तेव्हा आवाज कापत होता. "सर, कॉलेजात तर चालायचं."

त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये चिठ्ठ्या बंद आहेत. रीडिंग थेट जर्नलमध्ये, पेनने. चुकलं तर एकच आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. औषध कंपन्यांत हाच नियम असतो. एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तर ऑडिट ट्रेल असतो, प्रत्येक रनची नोंद आपोआप राहते. ही शिस्त पहिल्या वर्षापासून लावायला एक रुपयाही लागत नाही.

मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी एवढंच: विचारतात ते साधंच असतं. पीएच ५ आणि पीएच ७ मध्ये हायड्रोजन आयनांचा फरक किती पट? शंभर. एचपीएलसीच्या सी-१८ कॉलममधला (घटक वेगळे करणाऱ्या नळीतला) १८ म्हणजे काय? सिलिकाला जोडलेली अठरा कार्बनची साखळी. त्या कॉलममधून आधी काय बाहेर येतं? जास्त ध्रुवीय असेल ते. द्रावणाची तीव्रता मोजायच्या नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटी या दोन रीतींतला फरक सांगताना अडखळणारे एम.एस्सी. झालेले मी पाहिलेत, म्हणून त्याचा सराव तोंडी करून घ्या.

तारखा उशिरा कळणं

एम.एस्सी. प्रवेशाच्या आयआयटी जॅम परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. तिसऱ्या वर्षात शिकत असतानाच ती देता येते. आपल्याकडे कळतं डिसेंबरात. सेटमध्ये, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या राज्याच्या पात्रता परीक्षेत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी पोरं प्रश्न कोरे सोडून येतात, कारण नेटची, म्हणजे देशपातळीवरच्या तशाच परीक्षेची, सवय. नेटला केमिकल सायन्सेसमध्ये १२० पैकी ७५ प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीला २५ टक्के कपात असते. म्हणजे दोन्हींची तयारी एक असली तरी पेपर सोडवायची रीत वेगळी. हे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं.

नांदेड, उदगीरच्या पोरांना हैदराबाद जवळ आहे, पण तिथल्या आयआयसीटी या राष्ट्रीय प्रयोगशाळेत उन्हाळ्यात प्रोजेक्टसाठी विचारता येतं हे त्यांच्या कानावरच येत नाही. पुण्याच्या एनसीएलचंही तेच.

पैशाच्या अर्जात अडतं ते बहुतेक वेळा एका ठिकाणी: महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म मंजूर होतो, पण आधार ज्या बँक खात्याला जोडलंय ते जुनं, बंद पडलेलं असतं. फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन एवढं तपासून घ्यावं. आणि पीएच.डी.कडे निघालेल्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी आपल्याला लागू असलेल्या संस्थेच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

निकालानंतर हात सोडणं

टी.सी. नेली की संबंध संपला, असं आपण वागतो. खरी गरज तर पुढच्या सहा महिन्यांत असते. पोरगं पहिल्यांदा गाव सोडतं, चौघांत एक रूम घेतं, शिफ्टमध्ये झोपेचं गणित बिघडतं. नोकरी कंपनीची आहे की कंत्राटदारामार्फत, हे त्याला जॉइन झाल्यावर कळतं. जाण्याआधी सांगून ठेवा: ऑफर लेटरवर नाव कुणाचं आहे ते बघ, सॅलरी स्लिप दर महिन्याला जपून ठेव, सोडताना रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय निघू नकोस, आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस.

आम्ही दिवाळीत गावाकडे आलेल्या जुन्या पोरांना एक दिवस कॉलेजात बोलावतो. भाषण नसतं, हारतुरे नसतात. लॅबच्या टेबलाभोवती स्टुलांवर बसून तिसऱ्या वर्षाची पोरं विचारतील ते सांगायचं. मागच्या वेळी पहिला प्रश्न रूमभाड्याचा होता. मग एका मुलीने विचारलं, कंपनीची बस रात्री कुठपर्यंत सोडते, मला घरी सांगायचंय. उत्तर द्यायला दोन वर्षांपूर्वी इथून गेलेली मुलगी होती. तिने आधी मार्ग सांगितला आणि मग स्वतःचा नंबर तिच्या वहीवर लिहून दिला.