चवथीला भाऊबंद जमण्याआधी

श्रावण लागला की आमच्या गोव्यातल्या, फोंड्याच्या मूळ घरात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, बोलणं निघतं. सुपारीचा कातरा कोण आणणार, तोरिंगं कुणाच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आहेत, रानात जायला कोण मोकळं आहे. त्याच बैठकीत आणखी एक तयारी सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं. मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार असे पांगलेले भाऊबंद चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दीड दिवस एका छपराखाली असतात. घराण्याचा इतिहास विचारायला इतकी माणसं पुन्हा वर्षभर एकत्र मिळत नाहीत. पण आयत्या वेळी वही काढली तर हाती काही लागत नाही. पूजा, पंगत, फुगड्या आणि विसर्जन यांतच वेळ निघून जातो. म्हणून महिनाभर आधी सुरुवात करायची.

पहिलं काम म्हणजे सुतक कळवणारी बाई गाठणं. प्रत्येक घराण्यात अशी एक काकी किंवा वयनी असतेच. कुठे कोण गेलं, कुठे बाळ जन्मलं, की पहिला फोन तिला येतो आणि ती पुढच्यांना कळवते. ऐन चवथीला सोयर-सुतक आलं तर गणपती बसवता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे ही साखळी अजून शाबूत आहे. आमच्या काकींच्या जुन्या डायरीत चार शाखांची घरं आणि त्यांचे नंबर आहेत, खोडून खोडून नवे केलेले. ती डायरी मागून न्यायची नाही. त्यांच्या शेजारी बसून उतरवून घ्यायची, कारण प्रत्येक नंबराबरोबर त्या दोन वाक्यं बोलतात आणि ती दोन वाक्यंच खरी मिळकत.

एक गोष्ट इथे ध्यानात ठेवा. सुतकाची साखळी फक्त भाऊबंदांची. लग्न होऊन गेलेल्या लेकींची घरं तिच्यात नसतात. त्यांची वेगळी यादी करावी लागते, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत हेच काम सर्वांत मोलाचं आहे.

आमच्या देवघरातल्या पेटीत वंशावळीचा एक कागद आहे. सात पिढ्यांचे पुरुष आहेत, फांद्या नीट काढलेल्या. बायका फक्त ‘पत्नी’ म्हणून, आणि त्यांत तीन लागोपाठच्या पिढ्यांत तीन लक्ष्म्या! तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव तिथेच संपायचं. माझंही नाव तसंच बदललं, म्हणून त्या तीन ओळी मला फार लागतात. त्या तिघी कोणत्या गावच्या, त्यांची माणसं आज कुठे आहेत, हे कागद सांगत नाही. म्हणजे घराण्याचं अर्धं गणगोत त्या कागदाबाहेरच राहिलं. तुमच्या वहीत प्रत्येक बाईपुढे तीन रकाने ठेवा: जन्मनाव, माहेरचं आडनाव, माहेरचा गाव. रकाना रिकामा दिसला की म्हातारी माणसं आपणहून बोलू लागतात.

आणि या रकान्यांसाठी गोव्यात एक आधार आहे, जो इतरत्र सहसा मिळत नाही. पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून लागू झाला आणि त्यात वारसा लेकीलाही आहे. त्यामुळे घरच्या वंशावळीत ज्या लेकींचं नाव नाही, त्यांची नावं इन्व्हेंतारच्या, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याच्या कोर्टातल्या कामाच्या, कागदांत आणि वारसाच्या दस्तांत सापडतात, नवऱ्याच्या नावासकट, पुष्कळदा ‘अमुक उर्फ तमुक’ अशी लग्नाआधीची आणि नंतरची दोन्ही नावं धरून. पोर्तुगीज काळातल्या पुष्कळ जन्मनोंदींत आईबापांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावंही असतात. एक दाखला मिळाला की तीन पिढ्या हाती येतात. कपाटात पडलेले हे कागद आधी शोधा. मग तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात जा, आणि त्याहून जुनं काही हवं असेल तर पणजीच्या पुराभिलेखागारात. त्या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ सालची आहे, तेव्हा ‘आमच्या घराण्याचं काही आहे का’ असा मोघम प्रश्न घेऊन गेलात तर दिवस फुकट जाईल. नाव, गाव, महाल (तालुका) आणि अंदाजे साल, एवढं लिहून न्या.

नावाचे रोमी, म्हणजे रोमन लिपीतले, अवतारही लिहून न्या. पोर्तुगीज लिपिकाने परबचं पोरोबो केलं, कामतचं कामोतीं, शेणैचं सिनाय. श साठी बऱ्याचदा एक्स, क साठी क्यू. आम्ही एका शेणै आजोबांना दोन दिवस एक्सखाली शोधत होतो, आणि ते निवांत एसखाली बसले होते. नासिमेंतु म्हणजे जन्म, कासामेंतु म्हणजे लग्न, ओबितु म्हणजे मृत्यू, एवढे तीन शब्द पाठ असले तरी निम्मं काम हलकं होतं. मोडी कागद असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. अंदाजाने वाचून वहीत उतरवू नका, ती चूक पुढे खरी होऊन बसते.

देवाला विचारल्याशिवाय गोव्यातल्या घराण्याचा गाव कळत नाही. सोळाव्या शतकात सासष्टी-तिसवाडीतली देवळं मोडली गेली, तेव्हा माणसांनी देव उचलून नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आणले. मंगेशीचा मंगेश कुठ्ठाळीचा, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, मार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. तुमचं कुलदैवत आज फोंड्यात असलं तरी मूळपुरुष कुठला, याचा धागा देवाच्या जुन्या गावाकडे जातो. कुलदैवत, गोत्र, ग्रामदैवत आणि पुरोहिताचं घराणं, हे चार शब्द प्रत्येक शाखेला स्वतंत्रपणे विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर दुरुस्त करत बसू नका, दोन्ही लिहा. घराणं देवळाचं महाजन, म्हणजे वंशपरंपरागत सभासद, असेल तर महाजनांची यादीही पाहा. १९३३ च्या देवस्थान कायद्यानुसार या याद्या रीतसर ठेवल्या जातात. गावकरी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचे मूळ हक्कदार, असाल तर कोमुनिदादच्या (त्या हक्कदारांच्या संस्थेच्या) वहीत वांगड (मूळ कुळं) आणि जोण (वार्षिक वाटा) घेणाऱ्यांची नावं मिळतील.

आता जरा नाजूक गोष्ट. गोव्यात कुणी वंशावळ विचारू लागलं की पहिली शंका येते ती जमिनीची. ही शंका खोटी नाही, कित्येक घरांनी त्यापायी वर्षानुवर्षं कोर्ट पाहिलं आहे. म्हणून पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा की हे वाट्यासाठी नाही. दुसऱ्याच्या घरातल्या दस्ताचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जे गोळा कराल त्याची प्रत सगळ्या शाखांना सारखी द्या, ज्यांच्याशी अबोला आहे त्यांनाही.

म्हाताऱ्या माणसांकडे चवथीच्या आधीच एकदा जाऊन या. ‘जुनं काही सांगा’ म्हटलं की ती गप्प होतात. वस्तू पुढे ठेवा. मी आतेंपुढे एक तांब्या ठेवला होता, तळाला कोरलेली अक्षरं झिजलेली. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी अंगठ्याने अक्षरं चाचपली आणि म्हणाल्या, ‘हो माईच्या म्हायरचो, सावयेंचो’ (हा माईच्या माहेरचा, सावईचा). पहिल्या लक्ष्मीचं माहेर असं सापडलं, सावई-वेऱ्याचं. साल विचारू नका, प्रसंग विचारा. १९५५ नंतर सरहद्द बंद झाली तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होता, सावंतवाडीची आत्या किती चवथी चुकली, मुक्तीनंतर पहिल्यांदा कोण आलं? १९६१ चा डिसेंबर सगळ्यांना आठवतो, आणि त्या खुंटीला बाकीची वर्षं टांगता येतात. घरात गणपती मातीचा की कागदाचा (कागदावरच्या चित्राचा), हेही विचारा. कागदाची पूजा करणारी दोन घरं एकमेकांना ओळखत नसली तरी एक असू शकतात.

फोटोंचं थोडक्यात. पावसाळ्यात अल्बम दमट असतात, चिकटलेले फोटो ओढून काढू नका. ओसरीवर दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून मोबाइलवर टिपा. मागे नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलीने. जुन्या कागदांना लॅमिनेशन अजिबात नको.

चवथीच्या दिवशी तुमचं काम इतकंच: जोडलेल्या कागदांवर मोठ्या अक्षरांत काढलेली वंशावळ ओसरीच्या भिंतीला लावायची, सुतळीने पेन्सिल बांधायची, आणि नाव चुकलं तर ज्याचं त्याने सुधारायचं. पोरांना लावा कामाला. आजी सांगेल, नात लिहील. दुपारच्या जेवणानंतर, नेवऱ्यांचं ताट फिरत असताना, तासभर चांगला मिळतो. आरतीच्या आधी घुमट (मातीचं चामडं लावलेलं वाद्य) तापवायला घेतलं की थांबायचं. व्हॉट्सअ‍ॅप गट काढाल तर त्यात सुप्रभात नको, असं पहिल्याच दिवशी सांगा. जन्म, लग्न, मृत्यू, जत्रा आणि महिन्याला एक जुना फोटो, ‘हे कोण?’ एवढंच विचारून. जिवंत माणसांच्या जन्मतारखा तिथे टाकू नका. आणि गट चालवायला प्रत्येक शाखेतला एक माणूस धरा, त्यांत निदान एक लग्न होऊन गेलेली लेक असू दे.

दुसऱ्या लक्ष्मीचं माहेर गेल्या वर्षी एका वारसाच्या दस्तात मिळालं, पेडण्याचं, म्हणजे माझ्याच माहेरच्या महालातलं. तिसरीबद्दल कारवारच्या मोठ्या काकींना ठाऊक असावं. त्यांना यंदा प्रवास झेपणार नाही, म्हणून त्यांच्या नातीला सांगून ठेवलं आहे: आरती झाली की व्हिडिओ लावायचा, माटोळी दाखवायची, आणि मग फोन माझ्या हातात द्यायचा.