स्वॉचच्या सुरुवातीच्या जाहिराती जमवताय? मग हे बघा

स्वॉच हा स्विस घड्याळांचा ब्रँड बाजारात आला मार्च 1983 मधे, तर त्या दोन-तीन वर्षांतल्या जाहिराती हव्या असतील तर कापलेलं सुटं पान घेण्यापेक्षा शक्यतो मॅगझिनचा अख्खा अंकच घ्या, म्हणजे तारखेचा वादच नको. सुटं पान घ्यायचंच झालं तर भिंगाखाली धरा, मॅगझिनच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नीट जाळी दिसते, प्रिंटरवर काढलेल्या इंकजेट कॉपीत नुसता रंग शिंपडल्यासारखा. पाठ कोरी असेल तर मला तरी शंका येते. 1984 ला फ्रँकफर्टमधे बँकेच्या बिल्डिंगवर टांगलेल्या स्वॉचच्या अवाढव्य घड्याळाचं काही छापील मिळालं तर सोडू नका! आणि जपून ठेवताना लॅमिनेशन प्लीज नको, पीव्हीसी फोल्डर पण नको, पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट नि मागे अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा, बास.