टेक्स्ट एडिटरमधील दुव्यावरून संगणकावरील फाइल उघडणे

टिपणांच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये एखाद्या पीडीएफचा किंवा छायाचित्राचा दुवा देऊन ठेवला, तर ती फाइल दर वेळी फोल्डर धुंडाळून शोधावी लागत नाही. परंतु दुव्यात असतो तो फाइलचा केवळ पत्ता; फाइल हलवली किंवा तिचे नाव बदलले की दुवा तुटतो. म्हणून दुवे लिहायला घेण्यापूर्वी फोल्डरांची रचना आणि फाइलींची नावे कायम करून घ्यावीत.

पूर्ण पत्त्याची सुरुवात ‘फाइल’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगने होते. त्यापुढे कोलन आणि सलग तीन फॉरवर्ड स्लॅश द्यावे लागतात. विंडोजमध्ये त्यानंतर ड्राइव्हचे अक्षर व पुन्हा कोलन येतो, तर लिनक्स आणि मॅकवर तिसरा स्लॅश हीच मूळ फोल्डरची खूण असते. विंडोज स्वतः पत्ता दाखवताना बॅकस्लॅश वापरते. दुव्यात ते सारे बदलून फॉरवर्ड स्लॅश करावेत.

खरा घोळ होतो तो नावांतील मोकळ्या जागांमुळे. मोकळी जागा आली की दुवा तेथेच संपला असे अनेक एडिटर धरून चालतात, त्यामुळे अशा जागेऐवजी टक्केचिन्ह व त्याला जोडून इंग्रजी अंकांत २० लिहावे लागतात. देवनागरी नावांचे प्रकरण याहून लांबते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि दुव्यात प्रत्येक बाइट ३ अक्षरांनी लिहिला जातो, म्हणून मात्रांसह ५ चिन्हांचे ‘हिशेब’ हे नाव तेथे ४५ अक्षरांचे होते. हे हाताने लिहिण्याच्या फंदात पडू नये. पीडीएफ किंवा छायाचित्र ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाकावे आणि अ‍ॅड्रेस बारमध्ये उमटलेला पत्ता कॉपी करून एडिटरमध्ये चिकटवावा.

टिपणे आणि त्यांच्याशी संबंधित फाइली एकाच फोल्डरात राहणार असतील, तर सापेक्ष पत्ताच, म्हणजे टिपणाच्या फाइलपासून पुढचाच मार्ग सांगणारा पत्ता, द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तो अख्खा फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तरी दुवे शाबूत राहतात. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच खुणांनी मांडणी दाखवण्याच्या पद्धतीत, चौकटी कंसात दुव्याचे नाव आणि त्याला लागूनच गोल कंसात पत्ता लिहावा. एक फोल्डर वर जायचे असल्यास पत्त्याच्या आरंभी दोन टिंबे व स्लॅश द्यावा.

दुवा उघडण्याची रीत एडिटरनुसार बदलते. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल (मॅकवर कमांड) दाबून क्लिक करावे, नोटपॅड प्लस प्लसमध्ये डबल क्लिक. ईमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग मोड या टिपणांसाठीच्या सोयीमध्ये कंट्रोल-सी आणि मग कंट्रोल-ओ दाबावे. व्हिममध्ये तर दुव्याच्या खुणांचीही गरज नसते. फाइलच्या नावावर कर्सर नेऊन ‘जी’ आणि ‘एफ’ दाबले की पुरते. मात्र अशी फाइल व्हिममध्येच मजकूर म्हणून उघडते, त्यामुळे हा मार्ग पीडीएफच्या कामाचा नाही.

पूर्ण पत्त्याचा दुवा उघडलाच नाही, तर तोच पत्ता ब्राउझरमध्ये चिकटवून पाहावा. तेथे फाइल उघडली तर दोष एडिटरच्या सेटिंगमध्ये शोधावा. न उघडल्यास पत्ता एकेक अक्षर तपासावा. नाव रोमन लिपीत असेल तर लिनक्सवर मोठ्या व छोट्या अक्षरांतला फरकही पाहावा, कारण विंडोज सहसा तो मानत नाही आणि लिनक्स मानते.