जोडपानावर शेकरूची शेपटी मध्येच तुटत होती: माझा अनुभव

आमच्या अंकात भीमाशंकरच्या शेकरूवर जोडपान (समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र) होतं. फांदीवर आडवं पसरलेलं शेकरू, तोंड डाव्या पानावर आणि धडापेक्षा लांब शेपटी उजव्या पानावर. स्क्रीनवर झकास. छापील चाचणी प्रतीत मात्र शेपटीचा बुडखा शिवणीत (दोन पानांच्या मधल्या खाचेत) गडप आणि फांदी दोन पानांवर जुळेना.

आधी फोटो डावीकडे सरकवला, मग लहान केला. दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी शिवणीत गेलं. छापखान्यानं सांगितलं, गोंद-बांधणीत (पानांच्या कडा गोंदानं चिकटवतात त्यात) पान पूर्ण उघडणारच नाही. दोन रात्री वाया.

शेवटी चाचणी प्रत उघडून, चित्र जिथवर दिसतं तिथे दोन्ही पानांवर पेन्सिलीनं खूण केली. तेच बिंदू पीडीएफमध्ये शोधून मध्यरेषेपर्यंत मोजलं: प्रत्येकी ४ मिमी.

मग इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फोटोची चौकट कॉपी करून ‘पेस्ट इन प्लेस’ केली, म्हणजे बरोबर त्याच जागी दुसरी चौकट आली. एका चौकटीची उजवी कड मध्यरेषेवर आणली, दुसरीची डावी. पांढऱ्या बाणाच्या टूलनं (काळ्यानं नाही, त्यानं चौकटच हलते) डावीकडचं आतलं चित्र ४ मिमी डावीकडे, उजवीकडचं ४ मिमी उजवीकडे सरकवलं. म्हणजे मधली ८ मिमी पट्टी दोनदा छापली जाते, पण ती शिवणीत लपते. मजकूर मध्यरेषेपासून १५ मिमी दूर ठेवला.

स्क्रीनवर शेपटीचा तेवढा भाग दोनदा, विचित्र दिसतो; घाबरू नका. डिजिटल अंकासाठी मात्र जुनीच फाइल पाठवा.