घरच्या घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्याच्या मिक्सवर कामाचा अभिप्राय कसा मिळवावा

"कसं झालंय?" एवढंच विचारून मिक्स, म्हणजे गायन-वादनाचे वेगवेगळे आवाज जुळवून तयार केलेलं गाणं, पाठवलं, की कोल्हापुरात उत्तर येतं, "नाद खुळा!" मित्र मनापासूनच बोललेला असतो, पण गायकाचा आवाज वर घ्यायचा की ढोलकी खाली, हे त्यातून कळत नाही. नेमकं उत्तर हवं तर नेमकं विचारावं लागतं.

आधी फाइल. मास्टरवर (सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवर) लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं दाबणारं साधन, लावून गाणं मोठं केलं असेल तर तो काढा, सगळ्यात उंच पीक (आवाजाचं टोक) उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि २४ बिटची वेव्ह फाइल काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून जोडा. नावात मिक्सचा क्रमांक हवाच.

मग एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि स्वतः ऐका: हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर, कुणाच्या तरी गाडीत, आणि एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून. डावी-उजवीकडे पसरवलेली गिटार मोनोत विरून गेली, तर फेजची गडबड आहे, म्हणजे दोन बाजूंच्या लहरी एकमेकींना खोडतायत. अशा चुका स्वतःच काढाव्यात, कारण गाणं पहिल्यांदा ऐकणारा कान प्रत्येक माणसाकडून एकदाच मिळतो. म्हणूनच सगळ्यांना एकदम पाठवू नका. दोघं-तिघं पुढच्या मिक्ससाठी राखून ठेवा.

कुणाला विचारायचं? मिक्सिंग करणारा एक जण हवा. एखादा वाजवणारा हवा. हलगी-घुमक्याच्या ताफ्यातल्या माणसाला ठेका कुठे दबला ते लगेच जाणवतं. आणि एक निव्वळ रसिक. १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था असलेल्या या गावात असे कान भरपूर आहेत. कंप्रेसर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसेल, पण शब्द गिळला गेला तर ते नक्की सांगतील. मला त्यांचंच मत सगळ्यात मोलाचं वाटतं.

ऐकणाऱ्या प्रत्येकाला तीनच प्रश्न द्या. कुठला शब्द कळला नाही? कुठे आवाज कमी-जास्त करावासा वाटला? कुठे लक्ष उडालं? प्रत्येक उत्तरासोबत मिनिट-सेकंद लिहून मागा. गाण्याचे बोल आधी देऊ नका. शब्द माहीत असले की पुसटही स्पष्ट ऐकू येतात, आणि आपल्याला स्वतःला ते उमगत नाही ते याचमुळे.

आता उत्तरं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: ऐकणाऱ्यानं दाखवलेली जागा बहुतेक वेळा बरोबर असते, सुचवलेला उपाय मात्र तपासून घ्यावा लागतो. "आवाज वाढव" असं कुणी म्हणालं, तर फेडरला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीला) हात लावण्याआधी त्या जागी आणखी काय वाजतंय ते बघा. हलगीचा कडकडाट किंवा हार्मोनियम २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात (म्हणजे आवाजाच्या तेवढ्या कंपनसंख्येत) व्यंजनांवर चढत असेल, तर त्यांचा तेवढाच पट्टा थोडा उतरवल्यावर शब्द आपोआप पुढे येतात. "गढूळ वाटतंय" म्हणाले तर २०० ते ४०० हर्ट्‌झ तपासा. फरशी आणि मोकळ्या भिंतींचा घुमारा रेकॉर्डिंगमध्येच बसला असेल, तर मिक्समध्ये झगडण्यापेक्षा भोवती गाद्या-चादरी लावून त्या ओळी पुन्हा गाव्यात.

दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच जागा सांगितली, तर ती आधी दुरुस्त करा. रिव्हर्ब, म्हणजे मिक्समध्ये घातलेला घुमारा, किती ठेवायचा ही आवडीची बाब. तिथे निर्णय तुमचा.

दुरुस्तीनंतर नवा क्रमांक द्या आणि जुना-नवा दोन्ही मिक्स राखून ठेवलेल्या कानांना ऐकवा. दोन्हींची पातळी सारखी करून घ्या, कारण किंचित मोठं वाजणारंच बरं वाटतं. त्यातला नवा कुठला, ते मात्र त्यांचं उत्तर येईपर्यंत सांगू नका.