फाईलचं वर्ष कुठून मोजायचं? रेकॉर्ड रूममध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

नव्या भरतीतल्या एका पोराला मागच्या महिन्यात थेट अभिलेख कक्ष मिळाला. ऑर्डर हातात घेऊन आला तेव्हा चेहरा असा, जणू अंदमानला बदली झाली. "सर, पहिलीच पोस्टिंग आणि रेकॉर्ड का हो?" म्हणाला. त्याला चहा पाजला आणि माझी कहाणी सांगितली. तीच इथे लिहितोय, कारण मी 2013 साली सोलापुरातल्या एका शासकीय कार्यालयात कनिष्ठ सहायक म्हणून लागलो तेव्हा मला कुणी सांगितली नव्हती. कार्यालयाचं नाव विचारू नका.

कागद किती वर्षं जपायचा ते ठरवणारे अ, ब, क, ड वर्ग तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेले आहेतच. अ कायम, ब 30 वर्षं, क 10 वर्षं, क-1 पाच वर्षं, ड एक वर्ष. खात्यागणिक यात फरक पडतो, म्हणून आपल्या खात्याची अनुसूची टेबलाच्या काचेखाली ठेवा. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धतही माहीत असेल. त्यावर वेळ घालवत नाही.

निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद निवडून नष्ट करणं, हा शब्द मात्र जरा नीट बघा. शेतकऱ्याच्या पोराला तो समजावून सांगावा लागत नाही. माझी आई मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारी खुरपायला जायची. ती म्हणायची, कोवळेपणी गवत आणि ज्वारी सारखंच दिसतं, खाली वाकून बघितल्याशिवाय खुरपं चालवायचं नाही. मी न वाकता चालवलं.

2017 साली पुणे विभागात झिरो पेंडन्सीची, म्हणजे प्रलंबित कामं शून्यावर आणायची मोहीम जोरात होती. मोहीम चांगली होती, अजूनही म्हणतो. त्याआधी आमच्या कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. गठ्ठ्यांचे रुमाल फाटलेले, वाळवीनं खालचा कप्पा खाल्लेला, आणि एप्रिलचं ऊन पत्र्यातून डोक्यात उतरायचं. (चादरी-टॉवेलांच्या या गावात गठ्ठे बांधायचं कापड मंजूर व्हायला तीन महिने लागले. असो.) तपासणीला पंधरा दिवस उरले होते. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ म्हणाले, "विचार काय करतो बे? कव्हरवरचं वर्ष बघ, त्यात पाच मिळव, झालं की काढ."

मी तसंच केलं. एका पाणीपुरवठा योजनेच्या पाइपलाइन दुरुस्तीची फाईल होती. कव्हरवर 2010-11, वर्ग क-1. 2011 अधिक पाच म्हणजे 2016. मुदत संपली, गेली.

आता हे सावकाश वाचा, कारण यातच मी अडकलो. कव्हरवरचं वर्ष फाईल उघडल्याचं असतं. जतनाची मुदत मोजायची ती प्रकरण बंद झाल्यापासून. त्या फाईलमध्ये काम संपलं होतं, पण ठेकेदाराची अनामत परत करण्याचा पत्रव्यवहार 2015 पर्यंत चालला होता. शेवटचं जावक पत्र 2015 चं. म्हणजे पाच वर्षं 2015 पासून सुरू होतात आणि ती फाईल 2020 संपेपर्यंत हलवायची नव्हती. मी ती 2017 मध्ये रद्दीत घातली. बरं, 2020 नंतर तरी ती मोकळी झाली असती का? नाही. त्या कामावर लेखापरीक्षणाचा एक आक्षेप प्रलंबित होता. आक्षेप निकाली निघेपर्यंत त्या कागदांना मुदतच लागू होत नाही. न्यायालयात प्रकरण असेल, विभागीय चौकशी असेल, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा अपील चालू असेल, तरी तसंच. वर्ग ड असला तरी हात लावायचा नाही. माहितीचा अर्ज आलेला कागद मुद्दाम नष्ट केला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 20 खाली दंड होतो. रोज 250 रुपये, कमाल 25,000, आणि तोही खिशातून.

म्हणजे फाईल हातात घेतली की चार ठिकाणी बघायचं. आतला शेवटचा कागद, जावक नोंदवही, ऑडिट पॅऱ्यांची (लेखापरीक्षणाच्या आक्षेपांची) यादी, माहिती अधिकाराची नोंदवही. कव्हर शेवटी. मी आता मोजणी बंद झाल्याच्या पुढच्या 1 जानेवारीपासून धरतो, हिशेबाचे कागद असतील तर 1 एप्रिलपासून. चार-सहा महिने जास्त ठेवल्याबद्दल आजवर कुणी नोटीस काढलेली मी पाहिली नाही. आणि फाईल बंद करताना कव्हरवर लाल शाईनं "बंद दि." लिहा, खाली सही करा. हे तेव्हा कुणी लिहिलं असतं तर माझे पुढचे चार महिने वाचले असते.

2018 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं त्या फाईलची प्रत मागितली. मी ऐटीत उत्तर लिहिलं, "सदर अभिलेख निंदणीकृत करण्यात आला आहे." गडी हुशार. पहिल्या अपिलात त्यानं फाईल मागितलीच नाही. नष्ट केल्याची यादी मागितली आणि मंजुरीचा आदेश मागितला. आमच्या यादीत काय होतं? "किरकोळ संचिका, 42 नग." बस. विषय नाही, क्रमांक नाही, बंद झाल्याची तारीख नाही. अपिलीय अधिकाऱ्यांनी मला एकच विचारलं, "बंद कधी झाली?" मला सांगता आलं नाही. त्यांनी जावक नोंदवही मागवली आणि 2015 ची नोंद बोटानं दाखवली.

कारणे दाखवा नोटीस आली. तेव्हा पहिल्यांदा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नीट वाचला. कलम 8 सांगतं की अभिलेख ठरवलेल्या रीतीनंच नष्ट करायचा, आणि कलम 9 मध्ये उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते वाचून त्या रात्री झोप लागली नाही. घरी बायकोलाही सांगितलं नाही.

घाबरवायला हे लिहीत नाहीये. हेतू वाईट नव्हता हे मान्य झालं, एक वेतनवाढ गेली, नोकरी राहिली. चूक दाखवली त्याच दिवशी वर कबूल केली म्हणून निभावलं. लपवली असती तर वेगळंच झालं असतं. तुमच्याकडूनही काहीतरी होईलच. झालं की लगेच टिपणी लिहा आणि साहेबांपुढे ठेवा.

ते ज्येष्ठ? ते तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्यावर राग नाही, पण माझं एक मत पक्कं झालंय. तोंडी सांगणारा गुरू अर्धाच गुरू. "हे लेखी द्याल का?" एवढं विचारा, खरा गुरू लगेच कळतो. मी रेकॉर्ड शिकलो ते आमच्या शिपाईमामांकडून. शिक्षण सातवी, पण कुठल्या कपाटात कुठला रुमाल हे त्यांना अंधारात ठाऊक. टाचण्या काढून दोरा घाल, टाचणी गंजली की कागद तिथेच फाटतो, हे त्यांनीच शिकवलं. त्यांची चेष्टा करणाऱ्यांची फाईल तपासणीच्या दिवशी सापडत नाही, हेही सांगून ठेवतो.

दुसरं मत स्कॅनिंगबद्दल. "स्कॅन झालंय ना, मग मूळ फाडा" असं म्हणणारे भेटतील. स्कॅन झाल्यानं वर्ग बदलत नाही. अ वर्गाचा कागद अ वर्गातच राहतो. एजन्सीनं केलेलं स्कॅनिंग स्वतः उघडून बघा. मी पाहिलेल्या एका गठ्ठ्यात प्रत्येक पानाची पाठकोरी बाजू होती आणि मजकुराची बाजू गायब. संगणकावर तयार झालेलंही अभिलेखातच मोडतं, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या आदेशाची प्रत काढून फाईलला लावा.

उलट टोकाचेही लोक असतात. भीतीनं काहीच नष्ट करत नाहीत. तेही चूक. मुदत संपलेला ढीग ठेवला की त्याखाली हवा तो कागद कुजतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगतं, नुसता साठवायला नाही.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सगळीकडचे कक्ष उघडले तेव्हा शाळांची जुनी जनरल रजिस्टरं, गावांची कोतवाल बुकं, मोडीतले कागद बाहेर आले. मोडी वाचणारा शोधत लोक फिरत होते. ते रजिस्टर जपणाऱ्या गुरुजींना कुठे माहीत होतं पुढे काय होणार? 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हाची एखादी जावक नोंदही त्या कारकुनाला किरकोळच वाटली असेल. म्हणून वर्ग ठरवताना शंका आली तर वरचा वर्ग द्या आणि वरिष्ठांना विचारा. खूप जुना, विशेषतः मोडीतला कागद दिसला तर पुराभिलेख विभागाला कळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्या फाईलचं पुढे काय झालं, हे तो पोरगा विचारत होता. ती आम्ही पुन्हा उभी केली. पंचायत समिती, कोषागार, लेखापरीक्षण, सगळीकडे हिंडून प्रती गोळा केल्या. शेवटी खुद्द अर्जदाराकडेच दोन कागद निघाले, तेही आम्ही मागितल्यावर त्यानं दिले. फाईल आज कक्षात आहे, वर "पुनर्निर्मित" असा शिक्का आहे. त्यात स्थळ पाहणीच्या अहवालाची एक प्रत आहे, झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स. पाइपची लांबी लिहिलेली आहे, पण पहिला आकडा 3 आहे की 8 ते वाचता येत नाही. लेखापरीक्षणाचा आक्षेप नेमका त्याच लांबीवर होता. तो अजून प्रलंबित आहे.